कल्हईचं पितळी पातेलं: गणपतीपासून पाडव्यापर्यंतचा अनुभव

आधी मत सांगते, मग तपशील. रुंद तोंडाचं, आतून कल्हई केलेलं पितळी पातेलं मी गौरी-गणपतीच्या आधी घेतलं, आणि आता गुढीपाडवाही होऊन गेला. आठ-दहा माणसं घरी जेवायला बोलवायला ज्यांना आवडतं, पण बोलावल्यावर स्वतःला स्वयंपाकघराबाहेर येता येत नाही, त्यांनी हे भांडं नक्की घ्यावं. घरात दोघंच असाल, शेगडी इंडक्शनची असेल किंवा भांडी सरसकट तारेच्या घासणीने घासली जात असतील, तर घेऊ नका.

भांडं घेण्यामागचं कारण मैत्रिणी. आम्ही शाळेपासूनच्या चौघी. आता नवरे, मुलं, कोणाची आई, कोणाच्या सासूबाई धरून बरंच मोठं गणगोत झालंय. पूर्वी अधूनमधून कोणाच्या तरी घरी रात्रीचं जेवण व्हायचं. मग बेत वाढत गेले. एकीने दोन भाज्या केल्या की दुसरीने तीन करायच्या, पुऱ्या गरमच वाढायच्या, गोड घरीच केलेलं हवं. जिच्या घरी जेवण ती कढईसमोर उभी, आणि बाकीच्या बाहेर बसून तिला हाका मारतायत. शेवटी एकीने स्पष्टच सांगितलं, "अगं, बोलवायचं खूप मनात असतं, पण साग्रसंगीत करायच्या धास्तीने मी फोनच करत नाही." तिथेच ठरलं की यापुढे एका भांड्यातला एकच पदार्थ, सोबत कोशिंबीर, पापड आणि ताक. गोड कोणी वाटेत घेऊन आलं तर आलं.

ठरवणं सोपं होतं, पण इतक्या जणांचा एकच पदार्थ नीट शिजेल असं भांडं माझ्याकडे नव्हतं. कुकरमध्ये मसालेभाताचा गिचका होतो. पातळ बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात मधे लागतं आणि कडेला कच्चं राहतं. सासूबाई म्हणाल्या, "पितळेचं घे. आमच्या माहेरी पन्नास पानांचा भात पितळेतच व्हायचा."

खरेदी पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत केली. पेशवाईपासूनची ही तांबटांची वस्ती, आणि अजूनही तिथे हातोडीचा आवाज ऐकू येतो. भांड्यावर ओळीने एकसारखे ठोके देतात त्याला मठारकाम म्हणतात. ते दिसतं सुरेख, पण त्याचा खरा उपयोग मजबुतीसाठी. ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि भांड्याला सहज पोचा पडत नाही. पितळ वजनावर मिळतं. माझं साधारण सहा लिटरचं पातेलं पावणेतीन किलो भरलं आणि कल्हईसकट तीन हजारांच्या थोडं वर गेलं. घेताना बूड जाड आहे ना ते हात फिरवून बघा. काठ जाड आणि बूड पातळ असलेलं भांडं दुकानात भारदस्त दिसतं, स्वयंपाकाला मात्र काही कामाचं नाही.

आता शिजण्याबद्दल. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. नेहमीच्या स्टेनलेस स्टीलपेक्षा ते उष्णता साधारण सात पटींनी चांगली वाहून नेतं. म्हणून बर्नरचं वर्तुळ लहान असलं तरी सगळं बूड सारखं तापतं. मसालेभाताला हे फार मोलाचं आहे. मी सात-आठशे ग्रॅम तांदूळ घेते. फोडणीत तोंडली, मग धुऊन निथळलेले तांदूळ, गोडा मसाला, आणि तांदूळ परतून झाले की मापाने दुप्पट आधणाचं पाणी. उकळी आली की आच अगदी बारीक करायची, वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी घालायचं. इथे एक गोष्ट शिकायला लागते. जाड पितळ गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं, त्यामुळे दाण्यात किंचित कणी असतानाच गॅस बंद करायचा. पंधरा मिनिटांनी झाकण काढा. भात मोकळा, दाणा अख्खा, आणि बुडाला लागलेला पापुद्रासुद्धा तांबूस असतो, काळा नाही. आमच्याकडे त्या खरपुडीसाठी मुलांची भांडणं होतात.

कोजागरीला यात दूध आटवलं. स्टीलमध्ये आटवताना दर दोन मिनिटांनी ढवळावं लागतं आणि तरी वास लागायची भीती असते. इथे मंद आचेवर अधूनमधून ढवळून काम झालं आणि मी गच्चीवर सगळ्यांबरोबर बसू शकले. मटकीची उसळ, डाळ-वांगं, मटणाचा रस्सा, पावभाजी, सगळं चांगलं होतं. रश्श्याचा मसाला परतताना मात्र आच मध्यमच ठेवायची, कारण खाली सांगते.

पण या पातेल्याचा सगळ्यात रंगलेला बेत चकोल्यांचा. तुरीचं वरण कुकरला शिजवून घ्यायचं, पातेल्यात फोडणी करून सैल करायचं, त्यात आमसूल, गूळ, गोडा मसाला. ते रटरटत असताना कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे सोडायचे. थंडीत एका शनिवारी चौघी माझ्या ओट्याभोवती उभ्या होतो. एक लाटतेय, एक कापतेय, एक सोडतेय, मी ढवळतेय. एकीच्या लेकाने इंजिनिअरिंग सोडून स्वयंपाकाचं शिक्षण घ्यायचं ठरवलंय, आणि घरात अबोला चाललाय. ती लाटता लाटता म्हणाली, "मला त्याचं पटतंय, पण ह्यांच्यासमोर बोलवत नाही." दुसरी म्हणाली, "मग आज जेवताना आम्ही विषय काढू का?" "नको गं. त्यालाच पुढच्या वेळी तुझ्या घरी करायला सांगू. ह्यांना खाऊ दे आधी." आणि तसंच झालं. पुढच्या जेवणाला त्या मुलाने याच पातेल्यात रस्सा केला. बाबा दोनदा वाढून घेताना काही बोलले नाहीत, पण रस्सा पुन्हा मागितला. टेबलाशी बसून, पाहुण्यांसारखं औपचारिक जेवताना हे बोलणं निघालंच नसतं. हात कामात असले की माणूस मनातलं बोलतो, आणि म्हणून यजमानीण आणि पाहुण्या एकाच ओट्याशी उभ्या राहू शकतील असा बेत मला फार महत्त्वाचा वाटतो.

कपड्यांचा विषयही इथेच येतो, कारण आमच्यात त्यावर बराच खल झाला. तळणाचा बेत असला की घरातली बाई जुना गाऊन किंवा विटका पंजाबी ड्रेस घालून वावरते आणि पाहुणे आले की धावत जाऊन बदलते. एका पातेल्याच्या बेतात शेवटच्या अर्ध्या तासात आच बारीक असते, तेल उडत नाही. तेव्हा मी आता सरळ सुती साडीच नेसते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या साड्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असतात, "घरी कुठे नेसायच्या" म्हणून. घरीच नेसायच्या! खणाचं ब्लाउज आणि साधी सुती साडी, पदर खोचलेला, केस वर बांधलेले. ओट्याशी वावरायला हे इतकं सोयीचं आहे की मैत्रिणीही आता आपापल्या साड्या बाहेर काढायला लागल्यात. इरकल मात्र जपून. तिचा पदर रेशमी असतो, त्यावर आमटी सांडली तर उपाय अवघड जातो. सुती कापडावर हळदीचा डाग पडला तर घाबरू नका. साबण लावला की डाग लाल होतो, कारण हळदीचा रंग साबणातल्या क्षाराने पालटतो. तसाच धुऊन कडक उन्हात टाका. उन्हाने हळद उडते, दोन दिवसांत डाग फिका पडतो. रंगीत साडी असेल तर डागापुरताच भाग उन्हात ठेवा, नाहीतर साडीचाही रंग उतरेल.

आता कल्हई, म्हणजे या भांड्याचा प्राण. नुसत्या पितळेत चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो असलं काही शिजवलं किंवा ठेवलं की ते कळकतं. आंबट पदार्थ तांब्या-जस्तावर चढतो, चव कसट होते आणि पोटाला बाधतं. म्हणून आत कथलाचा थर देतात. कल्हई करताना एकदा तरी उभं राहून बघावं. भांडं निखाऱ्यांवर तापवतात, त्यात नवसागराची पूड टाकली की पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि नाकात झणका जातो. त्या पुडीने धातू स्वच्छ होतो. मग कथलाची कांडी टेकवायची, ती विरघळली की कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायची. बघता बघता पिवळं भांडं आतून चंदेरी होतं. लगेच पाण्यात बुडवलं की चर्र आवाज येतो आणि काम संपलं.

कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळतं, आणि या भांड्याचे सगळे नियम त्यातून निघतात. रिकामं भांडं गॅसवर ठेवायचं नाही. मसाले, रवा, दाणे कोरडे भाजायचे नाहीत. फोडणी करताना आधी तेल, मग गॅस, आणि आच मध्यम. चटकदार काळपट वाटण हवं असेल तर ते लोखंडी तव्यावर भाजून घ्या आणि मग यात घाला. स्टीलचं उलथनं वापरायचं नाही, लाकडी डाव ठेवा. आत घासायला मऊ घासणी, बाहेरून चिंच-मीठ किंवा पितांबरी. चिंच आतून चोळू नका. उरलेलं अन्न रात्रभर यात ठेवायचं नाही, जेवणं झाली की दुसऱ्या भांड्यात काढायचं.

माझ्या पातेल्याची कल्हई मधल्या भागात, जिथे डाव फिरतो तिथे, आता विरळ झालीय. खिडकीजवळ नेऊन तिरकं धरलं की चंदेरीमधून पिवळसर झाक दिसते. सासूबाईंनी ती माझ्याआधी हेरली आणि म्हणाल्या, "आता यात कढी नको करूस. भात चालेल, पण तोही फार दिवस नको." आमच्या वापराला वर्षातून दोनदा कल्हई लागेल असं दिसतंय. कल्हईवाल्याला शुद्ध कथीलच वापरा म्हणून आधी सांगा. कथील महाग असतं, त्यात शिसं मिसळण्याचे प्रकार होतात, आणि शिसं अन्नात जाणं वाईट. माहितीचा, कोणीतरी खात्री दिलेला माणूस शोधणं हे या भांड्यातलं सगळ्यात कष्टाचं काम आहे. पूर्वी कल्हईवाले वाड्यांमधून हाळी देत फिरायचे, आता आपणच भांडं घेऊन जावं लागतं.

तक्रारीही आहेत. वजन हा मोठा त्रास. भरलेलं पातेलं शेगडीवरून उतरवायला दोन माणसं लागतात. पातेल्याला कान नसतात आणि सांडशीने धरलं तर काठाची कल्हई खरवडते, म्हणून जाड फडक्यांची जोडी कायम हाताशी लागते. आमच्याकडे ते काम नवऱ्याने आणि लेकीने मिळून घेतलंय. घासायलाही मी आमच्या कामाच्या मावशींवर टाकत नाही. त्यांच्यावर आधीच भांड्यांचा ढीग असतो, त्यात हे जड भांडं जपून घासा सांगणं बरोबर नाही. जेवणं झाली की आम्हीच धुतो आणि लगेच कोरडं पुसून ठेवतो, नाहीतर बाहेरून पाण्याचे काळपट ठिपके पडतात. चकाकी दर वेळी काढत बसू नका. थोडं मळकट पितळ मला तर जास्त आवडतं.

मैत्रिणींपैकी एकीने विचारलं, पितळेत अन्नातलं सत्त्व जास्त टिकतं म्हणतात, खरं का? असे टक्क्यांचे आकडे सगळीकडे फिरत असतात. ते वाचून मी भांडं घेतलं नाही, तुम्हीही घेऊ नका. सारखं शिजतं, लागत नाही, गरम राहतं आणि मधोमध ठेवून सगळ्यांना वाढता येतं, एवढ्यासाठी घ्या.

चार-पाच माणसांच्या घराला तीन लिटरचं पुरे, ते एकट्याने उचलताही येतं. आमचं सहा लिटरचं आता चारही घरांत फिरतं. ज्या घरी जेवण, तिथे आदल्या दिवशी पोचतं, सोबत लाकडी डाव आणि फडकी. पावसाळ्यात उघड्यावरची भट्टी पेटवणं अवघड, त्यामुळे मे महिन्यात कल्हई करून घ्यायची आहे. तोपर्यंत त्यात फक्त भात आणि खिचडी, आंबट काही नाही, असं मैत्रिणींनाही सांगून ठेवलंय.