ग्राफच्या तळाशी मुंगीएवढी अक्षरं

गाडी डायनोवरून (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरून) उतरली तेव्हा हातात रंगीत ग्राफ होता. आधी 148 एचपी, नवा हेडर (इंजिनमधून जळका वायू बाहेर नेणारा पाइपांचा जुडगा) लावल्यावर 159. नुसत्या एक्झॉस्टवर अकरा! मी खुशीत उरलेले पैसे तिथल्या तिथे चुकते केले.

ट्रॅकवर मात्र वळणातून बाहेर पडताना गाडी मठ्ठ वाटायची. ट्यूनर म्हणाला, "पॉवर आता वरच्या आरपीएमला आहे, ड्रायव्हिंग बदला." आखूड, रुंद पाइप पॉवर वरच्या फेऱ्यांकडे नेतात हे खरंच आहे, म्हणून महिनाभर मी स्वतःलाच दोष देत बसलो.

मग एकदा ग्राफ नीट पाहिला. तळाशी आधीच्या रनला (मोजणीला) एसएई, नंतरच्याला एसटीडी. दोन्ही हवामानानुसार आकड्यांत दुरुस्ती (करेक्शन) करणारी मानकंच. पण एसटीडीने तोच रन सुमारे 4 टक्के फुगतो. म्हणजे 159 चे झाले 153. उरलेल्या पाचांचा तरी काय भरवसा? इनटेकची (इंजिनात शिरणारी) हवा किती गरम होती, याची नोंदच नव्हती.

'चारही प्रायमरी समान लांबीच्या' असं बिलावर लिहिलेलं. प्रायमरी म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा वेगळा पाइप. हेडर उतरवला, स्प्रिंगवरचा कलेक्टर (जिथे चारही पाइप एकत्र येतात) काढला, फ्लँजकडची (इंजिनला जोडायच्या पट्टीकडची) तोंडं बुजवली आणि मापाच्या भांड्याने एकेका पाइपात पाणी ओतलं, वाकणात अडकलेली हवा निघेपर्यंत हलवत. आतला व्यास सगळ्यांचा 38 मिमी, त्यामुळे पाण्यावरून लांबी कळते. बाहेरच्या दोघांत 900 मिली, आतल्या दोघांत जेमतेम 760. म्हणजे 79 सेंटिमीटर आणि 67!

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट कलेक्टरपर्यंत जाते आणि तिथून ओढ बनून परतते. ती ओव्हरलॅपच्या (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दोन्ही थोडे उघडे असतानाच्या) वेळी पोचली तर जळका वायू खेचून काढते. जाऊन-येऊन जवळपास 25 सेंटिमीटरचा फरक म्हणजे 7000 आरपीएमला क्रँकचे (इंजिनच्या फिरत्या दांड्याचे) जवळपास 20 अंश. दोन सिलिंडर एका तालात, दोन दुसऱ्याच. पाइपात बोट घातलं तर वेल्डचा खरखरीत, काळा कंगोरा लागला. वेल्ड करताना हवा दूर ठेवणारा आर्गॉन वायू आतून सोडलाच नव्हता.

पैसे परत आले नाहीत. रनची मूळ फाइल मागितली तर ट्यूनर "कॉम्प्युटर फॉरमॅट झाला" म्हणाला. तुम्ही ती फाइल पैसे देण्याआधीच पेनड्राइव्हवर घ्या, दोन्ही रन एकाच करेक्शनवर उघडून बघा. आणि हेडर गाडीवर चढायच्या आधी पाणी ओतून मोजा. मला उतरवताना मॅनिफोल्डचे दोन स्टड (हेडर धरून ठेवणारे बोल्ट) तुटले, ते वेगळेच.