यू३२ की यूइंट३२_टी?

अंधेरीच्या सीप्झमध्ये वीजमीटरचं फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) लिहिताना हा वाद आमच्याकडे दर नव्या प्रोजेक्टला होतो: सी भाषेत ३२ बिटांच्या, ऋण नसलेल्या पूर्णांकाच्या टाइपला यातलं कुठलं नाव वापरायचं? 'यू३२' आटोपशीर, लिनक्स कर्नलमध्ये तेच चालतं, आणि बिटांच्या आकडेमोडीने भरलेली ओळही एका नजरेत वाचता येते. पण दोन लायब्रऱ्यांनी आपापलं 'यू३२' वेगवेगळं टाइपडेफ केलं (म्हणजे हे नाव वेगवेगळ्या टाइपला दिलं), की कंपायलर अडून बसतो. 'यूइंट३२_टी' लांबलचक खरं, पण १९९९च्या सी मानकापासून ते एसटीडीइंट हेडरमध्ये आहे. नव्या माणसाला समजावावं लागत नाही. माझं मत यालाच. मात्र स्वतःच्या टाइपला '_टी' लावू नका, ती शेपटी पॉसिक्सने (युनिक्स-छापाच्या सिस्टिम्सच्या मानकाने) राखून ठेवलीय. आणि सीचा नुसता 'लाँग' हा पूर्णांक टाइप तर नकोच: ६४-बिट लिनक्सवर तो ८ बाइटचा, ६४-बिट विंडोजवर ४.