ग्राफीनओएस आणि एफ-ड्रॉइड: काही महिने रोज वापरल्यावर

गेल्या पावसाळ्यापासून माझा रोजचा फोन म्हणजे सेकंडहँड पिक्सेल, गूगलचाच फोन. त्यावर ग्राफीनओएस ही खासगीपणा जपणारी अँड्रॉइडवर आधारलेली सिस्टीम टाकलीय आणि बहुतेक ॲप प्ले स्टोअरऐवजी एफ-ड्रॉइड या ॲप-भांडारातून घेतलीत. फोन उत्तम चालतो, ते आधीच सांगतो. काळजी वाटते ती असा फोन न घेणाऱ्यांची.

सिस्टीम टाकणं सोपं आहे. लॅपटॉपला केबल जोडली की ब्राउझरमधूनच इन्स्टॉल होते. फक्त सेकंडहँड फोन घेताना सेटिंगमधलं ‘ओईएम अनलॉकिंग’ (दुसरी सिस्टीम टाकू देणारं बटण) चालू होतं का, ते दुकानात उभं राहूनच बघा. होत नसेल तर तो फोन या कामाचा नाही. इन्स्टॉल झाल्यावर बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टीम चालू करणारा भाग, परत लॉक करायला विसरू नका.

मला सगळ्यात जास्त आवडलेली सोय म्हणजे कुठल्याही ॲपचं इंटरनेटच बंद करता येतं. गॅलरीला नेट कशाला हवं? एखादं ॲप संपर्क मागून अडून बसलं, तर निवडक नंबर तेवढे दाखवून भागतं. गूगल प्लेसुद्धा साध्या ॲपसारखं चालतं, त्याला खास अधिकार मिळत नाहीत.

त्रास झाला तो बँकेचा. एका बँकेचं ॲप ओटीपीपर्यंत आलं आणि ‘हा फोन सुरक्षित नाही’ म्हणून बंद पडलं. बूटलोडर लॉक, अपडेट ताजे, तरी नापास! घरातला जुना फोन, ज्याला अपडेट येणं कधीच थांबलंय, तो मात्र त्याच ॲपला चालतो. ही ॲप फोन भरवशाचा आहे का, हे गूगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’ या तपासणी सेवेला विचारतात, आणि गूगलने प्रमाणित न केलेली सिस्टीम तिथे अडते. दुसऱ्या बँकेचं ॲप विनातक्रार चाललं. म्हणून आधी आपल्या बँकेची खात्री करा. मी तो जुना फोन यूपीआयसाठी ठेवलाय. सोलापुरात सात रस्त्याला चहा प्यायला जाताना दोन फोन खिशात ठेवायचा कंटाळा येतो.

एफ-ड्रॉइड २०१० पासून आहे. तिथली ॲप मुक्त स्रोताची, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली असतात, बहुतेक ॲप ते स्वतः मूळ कोडपासून तयार करतात, आणि ॲपमध्ये जाहिराती किंवा पाळत असेल तर तसं स्पष्ट लिहितात. ऑर्गॅनिक मॅप्सचे नकाशे नेटशिवाय चालतात. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत होम मैदानाजवळ नेट बसलं, तेव्हा हेच कामाला आलं. पूर्व भागातल्या गल्ल्यांत दुकानं कमी दिसतात, पण आपल्याला भरता येतात. हेलीबोर्ड कीबोर्डवर मराठी लिहिता येतं आणि तो इंटरनेटची परवानगीच मागत नाही. आपला प्रत्येक शब्द, पासवर्डसकट, कीबोर्डमधून जातो, त्यामुळे मला याचं मोल फार वाटतं. शब्द सुचवण्यात तो मागे आहे.

हे कीबोर्ड-नकाशे कुठल्याही साध्या अँड्रॉइडवर चालतात. आईच्या फोनवरही आहेत. आणि नेमकं हेच आता अवघड होणार आहे. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं, की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ओळख नोंदवलेल्या डेव्हलपरचीच ॲप बसतील. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, मग २०२७ पासून टप्प्याटप्प्याने इतरत्र. असं झालं तर आमचा प्रकल्पच संपेल, असं एफ-ड्रॉइडने सांगितलं. ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगल म्हणालं, की जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू.

गूगल सांगतं ते सुरक्षिततेचं कारण खोटं नाही. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन अशा नावाने व्हॉट्सॲपवर एपीके (ॲप बसवायची फाइल) येतात आणि लोकांची खाती रिकामी होतात. पण माझ्या भाच्याचं बघा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दाजींचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. कुठल्या मागावर किती माल निघाला, हे लिहायला त्याने कॉलेजात असताना एक ॲप केलं. कामगारांच्या फोनवर एपीके पाठवून बसवलं, हिशोबाची वही सुटली. विद्यार्थ्यांना मर्यादित फोनांपुरतं मोफत खातं देऊ, असं गूगल म्हणतं. शेजारच्या कारखान्यांनी तेच ॲप मागितलं की ती मर्यादा आड येणारच. स्वतःच्या कारखान्यातल्या हिशोबासाठी त्याने परदेशातल्या कंपनीकडे नाव का नोंदवायचं?

मी पिक्सेलवर सुटलो, कारण ग्राफीनओएस गूगलचं प्रमाणित नाही. पण ते मोजक्याच फोनांवर चालतं; त्या कामगारांकडे स्वस्तातले फोन आहेत, ते ग्राफीनओएस कुठे टाकणार?

आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, तेव्हा प्ले स्टोअरबाहेरून ॲप देण्यावर बंधन घालू नका, हीसुद्धा अट घातली होती. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि ही अट काढून टाकली. भारतात नवा नियम लागू व्हायच्या आधी ती अट परत यायला हवी.