गावच्या सेवा केंद्रासाठी लिब्रेऑफिस की पँडॉक? पाथ कुठे अडतो आणि मराठी कुठे बिघडते

धारणी असो की सिंदेवाही, केंद्रावर ठरावाच्या नकला, दाखले, कास्तकारांचे अर्ज वर्डमधून पीडीएफ करून द्यावेच लागतात. दिवसाला चार-दोन फाइली असतील आणि विकतचं वर्ड असेल, तर 'सेव्ह अ‍ॅज' पुरेसं आहे. गठ्ठ्यानं फाइली बदलायच्या आणि पैसे मोजायचे नाहीत, तर लिब्रेऑफिस (वर्डसारखा फुकट ऑफिस संच) आणि पँडॉक (कमांड लिहून फाइलचं रूप बदलणारा फुकट प्रोग्राम) हे दोन चांगले पर्याय आहेत. अनोळखी वेबसाइटवर फाइल चढवून पीडीएफ करू नका. त्या कागदांवर लोकांचे आधार आणि बँक खात्याचे नंबर असतात.

लिब्रेऑफिसचा इन्स्टॉलर विंडोजच्या पाथमध्ये, म्हणजे कमांड दिली की विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधतं त्या यादीत, स्वतःला जोडत नाही. कमांड प्रॉम्प्टवर (कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत) 'सॉफिस' ही लिब्रेऑफिसची कमांड लिहिली की अशी कमांडच नाही असं उत्तर येतं, आणि माणूस सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. प्रोग्राम मात्र जागेवरच असतो: सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, लिब्रेऑफिस आणि त्यात 'प्रोग्राम' नावाचं फोल्डर. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटची आवृत्ती टाकली असेल तर 'एक्स८६' लिहिलेल्या प्रोग्राम फाइल्समध्ये पाहा.

माझ्या मते पाथमध्ये जोडण्यापेक्षा बॅच फाइलमध्ये (कमांड लिहून ठेवलेल्या, डबल क्लिकनं चालणाऱ्या फाइलमध्ये) पूर्ण पाथ, म्हणजे प्रोग्रामचा ड्राइव्हपासूनचा पत्ता, लिहिलेला बरा. केंद्रावर वेगवेगळ्या लॉगिननं लोक बसतात. एकाच्या यूजर व्हेरिएबलमध्ये (त्याच्या लॉगिनपुरत्या सेटिंगमध्ये) जोडलेलं दुसऱ्याला मिळत नाही, आणि सगळ्यांसाठीचं सिस्टिम व्हेरिएबल बदलायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. 'प्रोग्राम' आणि 'फाइल्स' यांच्यात मोकळी जागा आहे, म्हणून पूर्ण पाथ दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. त्याच फोल्डरमधली 'सॉफिस डॉट कॉम' ही फाइल (वेबसाइट नव्हे) वापरलीत तर चूक काय झाली ते पडद्यावर वाचता येतं.

याहून जास्त छळतं ते प्रोफाइल, म्हणजे लिब्रेऑफिस आपली सेटिंग ठेवतं ते फोल्डर. लिब्रेऑफिसची खिडकी उघडी असताना रूपांतराची कमांड दिली तर ती कित्येकदा काहीच न करता परत येते. ना पीडीएफ, ना तक्रार. उघडी खिडकी आणि कमांड, दोघांना एकच प्रोफाइल हवं असतं: अ‍ॅपडेटा, रोमिंग, लिब्रेऑफिस, ४, यूजर. आवृत्ती कितीही नवी असली तरी त्या फोल्डरचं नाव ४ हेच राहिलं आहे. कमांडमध्ये 'यूजर इन्स्टॉलेशन' हा पर्याय देऊन डी ड्राइव्हवर वेगळं प्रोफाइल ठरवा, अडचण सुटते. तिथे पाथची सुरुवात 'फाइल', कोलन आणि तीन फॉरवर्ड स्लॅश अशी होते. विंडोजचे नेहमीचे बॅकस्लॅश देऊ नका. लाईन जाऊन मशीन मधेच बंद पडलं आणि प्रोफाइल बिघडलं, तर हेल्प मेनूतला सेफ मोड वापरून ते मूळपदावर आणता येतं. जावा सापडत नाही असा संदेश आला तर त्यामागे लागू नका, वर्डच्या फाइलची पीडीएफ करायला जावा लागत नाही.

पँडॉकचा इन्स्टॉलर पाथ स्वतःच जोडतो. फक्त आधीची कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवी उघडा. व्हर्जन विचारलं की त्याचं डेटा फोल्डर (साचे आणि सेटिंग ठेवायची जागा) कुठे आहे तेही सांगतो. पण पीडीएफसाठी त्याला दुसरा प्रोग्राम लागतो. हा प्रोग्राम लाटेक या पानं जुळवणाऱ्या प्रणालीतला असतो. ठरलेला पीडीएफलाटेक देवनागरीला चालत नाही, म्हणून त्याच प्रणालीतला झीलाटेक आणि देवनागरी फॉन्टचं नाव सांगावं लागतं. त्यासाठी मिकटेक हा विंडोजवरचा लाटेकचा संच बसवला तर लागतील ती पॅकेजेस (जोड-फाइली) तो ऐनवेळी नेटवरून आणतो. मेळघाटात रेंज गेली की काम तिथेच थांबलं.

पाथ जुळले तरी माझा कौल लिब्रेऑफिसलाच आहे, आणि त्याचं कारण आपली जुनी मराठी. ग्रामपंचायतीच्या कितीतरी फाइली अजून कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्यांत साठवलेली अक्षरं रोमन असतात, मराठी दिसते ती फॉन्टमुळे. पँडॉक फॉन्टचं नाव टाकून देतो, त्यामुळे अख्खा ठराव रोमन अक्षरांची खिचडी होऊन बाहेर येतो. लिब्रेऑफिस फॉन्टचं नाव जपतं. मशीनवर कृतिदेव असेल तर पीडीएफ जशीच्या तशी निघते. शिवाय सह्यांचे रकाने, लेटरहेड, समासही पँडॉक राखत नाही, आणि जुनी 'डॉक' फाइल तर तो वाचतच नाही, त्याला 'डॉकएक्स' लागते.

जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी युनिकोडमध्ये (खरी देवनागरी अक्षरंच साठवणाऱ्या पद्धतीत) नवा मजकूर लिहून त्याचीच वेबपान, ई-पुस्तक आणि वर्ड अशी तिन्ही रूपं करणार असतील, तर त्यांनी पँडॉकच घ्यावा. या तिन्हींसाठी त्याला लाटेक लागतही नाही.