जुळे सोलापुरातील टाकी-बदल सेवा : पाण्याचे काम चोख, आरओचे पाणी मात्र तपासून घ्यावे

माझी 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी काढून तिच्या जागी 400 लिटरची बसवण्याचे काम जुळे सोलापुरातील मत्स्यालयाच्या एका दुकानाने केले. क्लाउनफिश आणि कोरल सुखरूप आहेत, आणि त्याचे श्रेय त्यांनी पाण्यावर घेतलेल्या मेहनतीला आहे.

वाढीव पाणी त्यांनी आदल्या दिवशीच पिंपात तयार केले. लिटरला साधारण 35 ग्रॅम या हिशेबाने 200 लिटरला सात किलो मीठ लागते. ते रात्रभर पंप चालवून विरघळवले आणि सकाळी रिफ्रॅक्टोमीटरच्या (क्षारता मोजणाऱ्या उपकरणाच्या) काचेवर थेंब ठेवून निळ्या-पांढऱ्या भागांमधली रेषा 35 वर आल्याचे मलाही दाखवले. त्याआधी ते उपकरण साध्या पाण्याने न जुळवता 35 क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घेतले, ही बारकाई मला फार मोलाची वाटते. अमोनिया पचवणारे जिवाणू पाण्यात फारसे नसून मुख्यतः लाइव्ह रॉकच्या, म्हणजे टाकीतल्या सच्छिद्र सागरी दगडांच्या, छिद्रांत असतात, म्हणून दगड सारा वेळ खाऱ्या पाण्यात बुडालेले ठेवले. जुनी वाळू मात्र टाकून दिली, कारण ती ढवळली की तळाशी साचलेली घाण एकदम पाण्यात उतरते.

उणीव आरओच्या पाण्यात निघाली. दुकानातून आलेल्या कॅनमधील पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) 40 पीपीएमच्या आसपास होता. पिण्याच्या अनेक आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो. तो पूर्ण बंद करून पुढे डीआय रेझिनचा (उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांचा) टप्पा जोडला, तरच टीडीएस शून्यावर येतो आणि सिलिकेटही अडते. हे न झाल्याने वाळूवर आणि काचेवर डायटमचा, म्हणजे सिलिकेटवर वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा, तपकिरी थर चांगलाच धरला, असे माझे मत आहे. नव्या टाकीत तो थोडाफार येतोच आणि सिलिकेट संपले की ओसरतो. त्यावर शेवाळमारक औषध ओतू नका, हा दुकानाचा सल्ला अगदी योग्य होता, कारण अशा औषधात तांबे असेल तर गोगलगायी, कोळंब्या आणि कोरल मरतात. त्याऐवजी त्यांनी दिवा सहा तासांवर आणला, गोठवलेले खाद्य धुऊन घालायला सांगितले आणि शेवाळाला पोसणारे फॉस्फेट 0.1 पीपीएमच्या (दशलक्ष भागांत 0.1 भाग) खाली राहते का, हे मोजत राहिले. केसाळ हिरवे शेवाळ अद्याप आलेले नाही.

नंतरच्या भेटींत नायट्रेट आणि फॉस्फेट ते आपणहून तपासतात. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) आणि कॅल्शियम मात्र आठवण करून दिल्यावरच. कोरल ठेवणाऱ्यांनी ही अट आधीच ठरवून घ्यावी.

एप्रिल-मेमध्ये काम करून घेणाऱ्यांनी टाकीसोबतच आपोआप पाणी भरणारा फ्लोट बसवून मागावा. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हात, त्यात पंखा लावलेला असला की, टाकीतून पाणी झपाट्याने उडते, पण मीठ मागेच राहते. म्हणून ती तूट बिनमिठाच्या शुद्ध पाण्यानेच भरावी लागते, आणि तीही थोडी थोडी, रोजच्या रोज.