पिक, प्लक की पुल अप?

कृषी पदविकेची पोरं माझ्याकडे इंग्रजी अहवाल तपासायला आणतात. परवा एकाने लिहिलं होतं, बायका कापूस ‘पिक आउट’ करतात. वेचणे म्हटलं की आपल्याला तेच सुचतं. पण ‘पिक आउट’ म्हणजे पुष्कळातून नेमकं काही निवडून काढणं. बोंडातला कापूस काढायला नुसतं ‘पिक’ पुरे. सीतादहीपासून, म्हणजे पहिल्या वेच्याच्या पूजेपासून, शेवटच्या वेच्यापर्यंत हेच चालतं. (इंग्रजी पिक ऱ्हस्व, आपलं पीक दीर्घ. लिहिताना घोळ होतोच.)

अडलं की मी पोरांना विचारतो, काम झाल्यावर झाड उभं आहे का? उभं असेल तर पिक किंवा प्लक. फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेलं तेच कापसाचं पीक) न ठेवता पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, मुळासकट उपटली तर ‘पुल अप’. ‘अपरूट’ही चुकीचं नाही, पण ते धरणात गाव गेलेल्या माणसांनाही लागतं, म्हणून मी पऱ्हाटीला पुल अपच लिहितो. काटा रुतला तर ‘पुल आउट’. व्यापाऱ्याने सौद्यातून अंग काढलं तरी पुल आउटच.

‘प्लक’मध्ये हलका झटका असतो. डोमकळी बघा: गुलाबी बोंडअळीमुळे पाकळ्या उमलत नाहीत, फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं, अळी आत. ती कळी चिमटीत धरून खुडायची, तिथे प्लक शोभतं. संत्र्याला मात्र पिकच, आणि ‘पुल’ तर नकोच. फळ ओढलं की देठापाशी साल फाटते आणि तिथूनच सडतं. कात्रीने देठ ठेवून तोडलं तर ‘क्लिप’.

खरी फसगत घरात होते. आपण तांदूळ निवडतो, म्हणजे खडे काढतो. इंग्रजीत ‘पिक आउट द राइस’ लिहिलं तर तांदूळ बाहेर, खडे सुपात! तिथे ‘पिक ओव्हर द राइस’ हवं, नाहीतर ‘पिक आउट द स्टोन्स’.

निंदणाचंही तसंच. ‘वीड द फील्ड’ म्हणजे शेत निंदलं. त्याच पोराने लिहिलं होतं ‘वीड आउट द कॉटन’, म्हणजे कापूस उपटला, गवत राखलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मंग मजुरी कायची द्याची?”