पाचपाखाडीतलं आयव्हीएफ सेंटर: उपचार चोख, पॅकेज अर्धवट

आयव्हीएफमध्ये अंडाशयाने इंजेक्शनांना अति प्रतिसाद दिला की ओएचएसएस होतो: रक्तवाहिन्यांतलं पाणी झिरपून पोटात साचतं, रक्त दाट होतं, गुठळ्यांचा धोका वाढतो. पीसीओएस (अंडाशयात अनेक छोट्या फॉलिकल दिसणारा हार्मोनचा विकार) असेल, एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ३.४ नॅनोग्रॅम/मिलीच्या वर असेल किंवा सोनोग्राफीत दोन्हीकडची मिळून २४ पेक्षा जास्त फॉलिकल (बीजाच्या पिशव्या) दिसत असतील, तर सेंटर हा धोका कसा टाळतं, हे निवडताना आधी पाहावं.

ठाण्यातल्या या सेंटरमध्ये एएमएच आणि फॉलिकलची संख्या फाइलच्या पहिल्याच पानावर असते, आणि डोस त्यावरूनच ठरतो. जोखमीच्या पेशंटला एफएसएच (फॉलिकल वाढवणारं इंजेक्शन) १५० युनिट किंवा त्याहून कमी. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सेट्रोरेलिक्स (बीजं वेळेआधी सुटू न देणारं इंजेक्शन) ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे अँटागोनिस्ट प्रोटोकॉल.

त्याचं खरं मोल ट्रिगरच्या, म्हणजे बीजं पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनच्या वेळी कळतं. ट्रिगरसाठी नेहमी वापरलं जाणारं एचसीजी हार्मोनचं इंजेक्शन शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं आणि अंडाशयाला चेतवत राहतं. पाणी झिरपतं ते त्यामुळेच. इथे फॉलिकल जास्त असतील तर त्याऐवजी ट्रिप्टोरेलिन ०.२ मिलिग्रॅम देतात. त्याने पेशंटचं स्वतःचं एलएच (बीजं पिकवणारं हार्मोन) उसळतं आणि लवकर ओसरतं. मात्र लाँग प्रोटोकॉलमध्ये पिट्युटरी (एलएच सोडणारी मेंदूतली ग्रंथी) औषधाने आधीच दबलेली असते, तिथे हा ट्रिगर चालत नाही. म्हणून प्रोटोकॉल कोणता, हे पहिल्या इंजेक्शनाआधी विचारायचं. काही जणींत एलएच पुरेसं उसळत नाही आणि पिकअपला (बीजं बाहेर काढताना) बीजं कमी मिळतात. ते वेळीच कळावं म्हणून इथे दुसऱ्या सकाळी रक्त तपासतात. ही तसदी सगळीकडे घेत नाहीत.

ट्रिगरच्या दिवसापासून कॅबरगोलिन (पाणी झिरपणं कमी करणारी गोळी) ०.५ मिलिग्रॅम, आठ दिवस. आणि सगळे एम्ब्रियो फ्रीझ. त्याच महिन्यात ट्रान्सफर करून गर्भ राहिला, तर गर्भाचंच एचसीजी त्रास पुन्हा पेटवतं, आणि उशिरा येणारा हा ओएचएसएस जास्त दिवस छळतो.

घोडं अडतं ते बिलात. फ्रीझिंग, वर्षाचं स्टोरेज आणि पुढची ट्रान्सफर पॅकेजच्या बाहेर. खर्च ऐनवेळी समोर आला की जोडपीच ‘आत्ताच करून टाका’ म्हणू लागतात. जिथे जोखीम पहिल्या दिवशी दिसते, तिथे हा आकडाही पहिल्याच कोटेशनमध्ये हवा. याचे दोन तारे कापले.

घरी जातानाचा कागदही तोकडा आहे: ‘भरपूर पाणी प्या, आराम करा’. खरं तर रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करायचं. दिवसात किलोभर वाढलं, लघवी कमी झाली, धाप लागली किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी फोन. पाणी तहानेपुरतं. दुखलं तर पॅरासिटामॉल; डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नाही.

रात्रीचा फोन डॉक्टर स्वतः उचलतात, हे उत्तम. पण भरतीची सोय सेंटरमध्ये नाही, तेव्हा कुठल्या हॉस्पिटलात पाठवतील ते आधीच लिहून घ्या.